मी दळून खाल्लेली मुळी

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवरून मी दोनदा पळाले आहे. दुसऱ्या वेळी त्यांनी गळ्यात अडकवलेला निळा कागद तसाच राहिला आणि तो घेऊन मी महागावच्या बसस्टँडपर्यंत आले. तिथं ओळखीच्या एकीनं विचारलं, "काहून वं सुजाता, गळ्यात काय बांधलं हे?" मिरचीची धूळ उडते म्हणून, असं सांगून मी वेळ मारून नेली.

हे लिहिताना लाज वाटते. पण त्या खुर्चीची माझ्यासारखी भीती ज्यांना वाटते त्यांना नुसता धीर देऊन काही होत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. मला सगळ्यांनी धीर दिला. धीराबरोबर एकेक पुडीही दिली. त्या पुड्यांची ही हकिकत आहे.

माझी पिठाची चक्की आहे. गहू, ज्वारी, डाळ, आणि शेजारच्या खोलीत मिरची-हळदीचं कांडप. माझे यजमान विलास मोटार रिवाइंडिंगचं काम करतात, चक्कीची मोटारही तेच बघतात. वीस-बावीस वर्षं मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलते आहे, त्यामुळे हळू बोलणं मला जमत नाही. दारू पिऊन नंबर मोडणाऱ्याला मी पिशवीसकट बाहेर काढलेलं आहे. आणि एका दाढेपुढं मी दोनदा पळ काढला.

भीतीचं मूळ जुनं आहे. आठ-नऊ वर्षांची असताना दात दुखत होता म्हणून वडील मला आठवडी बाजारात घेऊन गेले. तिथं चादर अंथरून एक माणूस दात काढायचा. वडिलांनी माझे हात धरले, काकांनी डोकं. दात निघाला, पण लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास डोक्यात बसला तो बसलाच. वडिलांना दोष देत नाही, तेव्हा सगळे तसंच करायचे. पण दवाखान्याच्या दारात तो वास आला की माझे पाय मागं वळतात.

एक्स-रे

मागच्या उन्हाळ्यात, मिरचीचा हंगाम जोरात असताना, डावा गाल सुजला. गावच्या डॉक्टरांकडून मी पळाले त्या दोन वेळा याच. शेवटी त्यांनी हात टेकले आणि यवतमाळच्या दवाखान्याला चिठ्ठी दिली. तिथं पूर्ण जबड्याचा एक्स-रे उभ्यानं काढतात. खुर्ची नव्हती म्हणून तो निघाला.

डॉक्टर मॅडम वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी फोटो पडद्यावर लावला आणि पेनानं दाखवलं. अक्कलदाढ आडवी झोपलेली, तिच्याभोवती काळा गोल डाग. ती पाण्याची पिशवी होती.

"हिनं हाड आतून खाल्लंय," त्या म्हणाल्या. "खालच्या कडेला अंड्याच्या कवचाइतकं उरलंय. एखादा फुटाणा चावलात आणि जबडा तुटला, असंही होऊ शकतं. कधी, ते मी सांगू शकत नाही."

विलासनी विचारलं, "वाईट गाठ तर नाही ना मॅडम?"

"बहुतेक साधी आहे. पण काढून तपासायला पाठवल्याशिवाय मी खात्री देणार नाही."

तपासणीचा निकाल ऑपरेशननंतर आठ दिवसांनी आला आणि ती साधीच निघाली, हे आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावण्यात अर्थ नाही. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मी फोटोकडं बघत होते आणि मनात एवढंच चाललं होतं, की या बाईच्या समोरून दार किती पावलांवर आहे.

पूर्ण भूल देऊन करा, असं विलास म्हणाले. भूलतज्ज्ञांनी माझी छाती तपासली. इतकी वर्षं पीठ नाकातोंडात गेलेलं, श्वासाला घरघर. त्यांनी सांगितलं, टाळता आलं तर टाळू. म्हणजे जबडा बधिर करून, मला जागी ठेवून ऑपरेशन.

"जागी?" मी विचारलं.

"जागी. भीतीसाठी दोन गोळ्या देते. एक आदल्या दिवशी झोपताना, एक त्या दिवशी सकाळी. यजमानांना आत बसू देईन, हात धरायला." आणि मग त्या म्हणाल्या, "याच्या मधे दुसरं काहीही सुरू केलंत तर मला सांगायचं."

मी हो म्हटलं.

घरोघर वैद्य

ऑपरेशनला पंधरा दिवस होते. चक्कीवर बातमी लपत नाही. पिठाच्या डब्याबरोबर लोक सल्ले घेऊन येऊ लागले.

समोरच्या नसीमखालांच्या घरी काष्ठौषधींचं दुकान आहे. त्यांनी असगंधाची, म्हणजे अश्वगंधेची, पूड आणून दिली. "दूध में डालके पी, बेटा. दिल मजबूत होता है." विलासनी ब्राह्मीचं तेल आणलं आणि स्वतः माझ्या डोक्याला चोळायला बसले. हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच माझं डोकं चोळत होता, म्हणून मी काही बोलले नाही.

आणि माझी नणंद वर्षा आली, झरी जामणीकडून. तिचा नवरा जंगलखात्यात आहे, त्यांच्या गावाजवळ कोलामांचा पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईकडून तिनं वाळलेल्या मुळ्या आणल्या होत्या, फडक्यात बांधून. वर्षा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण सांगताना मास्तरणीसारखी सांगते.

"वहिनी, नीट आयक. दोन तुकडे घ्याचे. खलबत्त्यात जाडे-भरडे कुटाचे. पाण्यात उकळून, गाळून, अर्धा कप. चोथा फेकून द्याचा. आन् एकाच दिवशी घ्याचं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. रोज रोज नाही. ते बाई लय बजावून बोलली."

मी सगळं ऐकलं. ती गेली आणि मी मुळ्या कांडपात घातल्या.

का घातल्या, तर ज्याच्या घरी चक्की आहे त्यालाच हे कळेल. वीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आले आहे, जितकं बारीक तितका माल उतरतो. हळद जाडी राहिली तर रंग येत नाही, मिरची जाडी राहिली तर तिखट जाणवत नाही. मग खलबत्त्यात भरड कुटायची आणि वरून चोथा फेकायचा, ही मला नासाडी वाटली. मी सगळ्यात बारीक जाळी लावली. आधी मूठभर तांदूळ घालून मिरची काढून टाकली, मशीन पुसलं, आणि सगळ्या मुळ्या एकदम दळल्या. मैद्यासारखी पूड उतरली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ती पूड मी मधात कालवून चाटली. एक दिवस घ्यायची होती, मी तीन दिवस घेतली, सकाळ-संध्याकाळ. कारण पहिल्याच दिवशी छातीतली धडधड कमी झाली. इतकं बरं मला दोन महिन्यांत वाटलं नव्हतं. वरून रोजचं असगंधाचं दूध होतंच, आणि शेवटी मॅडमची गोळीही.

"काही नाही"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरनी कागद भरून घेतला. वय, वजन, कशाची ॲलर्जी, आणि दुसरी कोणती औषधं चालू आहेत. मी म्हटलं, "काही नाही."

मी खोटं बोलतेय असं मला वाटलंही नाही. औषध म्हणजे पट्टीतली गोळी किंवा बाटलीतलं सायरप. मुळी, असगंध, तेल हे घरचं. ते कुणी कागदावर लिहितं का? आमच्याकडे दहापैकी नऊ जण हेच उत्तर देतील.

त्या दिवशी मी खुर्चीत आपल्या पायानं जाऊन बसले. विलास बघतच राहिले. लवंगेचा वास येत होता, पण लांबून कुठून तरी आल्यासारखा. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर बघितलं. परत बघितलं. दुसरं मशीन आणून तिसऱ्यांदा बघितलं. बोटाला लावलेला चिमटा टिकटिक करत होता तो एकदम जोरात वाजायला लागला.

मॅडम माझ्या तोंडाशी वाकल्या. "सुजाताताई, डोळे उघडा. काय घेतलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. माझी जीभ जड झाली होती.

पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. खुर्ची आडवी झाली. नाकाला नळी लागली, हाताला सलाइन. विलास घाबरून सांगत होते, असगंध घेत होती, तेल लावत होतो. मॅडम म्हणाल्या, एवढ्यानं असं होणार नाही, अजून काहीतरी आहे. तेव्हा वर्षा येऊन गेल्याचं आठवून विलासनी तिला फोन लावला. तिनं एक क्षण घालवला नाही. "मुळी दिलती मी," ती म्हणाली, आणि मुळी कशी दिसते, पानं कशी, फूल कसं, सगळं सांगितलं. मॅडमनी ही रक्तदाब खाली आणणारी सर्पगंधा असणार असं ओळखलं, मग त्यांना काय करायचं ते कळलं. त्यांनी नंतर मला सांगितलं, त्या फोननं आमचं काम सोपं केलं.

पण विलासना फक्त राग आला होता. मला बाजूच्या खोलीत पलंगावर ठेवलं होतं आणि ते व्हरांड्यात फोनवर ओरडत होते. "मारून टाकलं असतं तुनं तिले! आता माह्या घरात पाय ठेवू नको!"

मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली होती उकळ, गाळ, अर्धा कप, एक दिवस. एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. जीभ जड होती हे खरं, पण इतकी जड नव्हती.

तीन आठवडे

शरीरातून ते सगळं जायला तीन आठवडे द्यावे लागतील, त्याआधी मी हात लावणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे आणखी तीन आठवडे कवचाएवढ्या हाडावर काढायचे. मी खिचडी, वरण, दुधात कुस्करलेली पोळी खात होते आणि झोपतानाही डावी कूस टाळत होते.

घरात बोलणं कमी झालं. बुद्धपौर्णिमेला वर्षा दरवर्षी येते, खीर तिच्या हातची असते. या वेळी खीर मी केली. विलासनी अर्धी वाटी ठेवून दिली. वर्षाचा फोन आला नाही. मी केला नाही. काय बोलणार होते? रोज सकाळी ठरवायचे, आज यांना खरं सांगायचं. चहा व्हायचा, ते कामाला जायचे, आणि मी चक्कीचं बटण दाबायचे.

खरं कारण सांगते. मला भीती होती, की हे चिडले तर ऑपरेशनच्या त्या खोलीत मी एकटी पडेन. खुर्चीच्या भीतीत ही दुसरी भीती मिसळली होती.

मॅडमनी मधे दोनदा नुसतं बोलावलं. पाच मिनिटं खुर्चीत बसायचं, हत्याराला हात लावणार नाही, मग घरी जायचं. एवढ्यासाठी महागावहून यवतमाळ! शेजारणी हसल्या. पण दुसऱ्या खेपेला मी दाराकडं न बघता पाचाची सात मिनिटं बसले. कुणी हे लिहून ठेवलं नाही, म्हणून मी लिहिते.

त्याच दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळ्या पुड्या आणायला सांगितल्या होत्या. टेबलावर असगंधाची पुडी, तेलाची बाटली आणि माझी डबी. त्या रागावल्या नाहीत. डबी उघडून त्यांनी पूड बोटांवर घेतली.

"ही इतकी बारीक कुणी केली?"

"मी."

"देणाऱ्या बाईनं कशी घ्यायला सांगितली होती?"

विलास माझ्या शेजारी बसले होते. मी टेबलाकडं बघत सांगितलं. कुटून, उकळून, गाळून, अर्धा कप, एकच दिवस. आणि मी काय केलं तेही. जाळी कोणती लावली इथपर्यंत.

मॅडम सगळं लिहून घेत होत्या. विलास उठले, बाहेर जाऊन पाणी प्याले आणि परत येऊन बसले. परतीच्या गाडीत आर्णीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. आर्णी सोडल्यावर म्हणाले, "मी तिले एवढं बोललो. तिनं मले काहून नाही सांगितलं?"

मला वाटलं, वर्षा आता आमच्याशी कधीच बोलणार नाही.

खुर्ची

मॅडमनी एक ठरवून दिलं होतं. पोटात त्यांच्या दोन गोळ्यांशिवाय काही जाणार नाही. पण वासाला माझी हरकत नाही, त्या म्हणाल्या, तुम्हाला जो वास बरा वाटतो तो घेऊन या. नसीमखालांनी वाळ्याच्या मुळ्यांची लहानशी जुडी दिली, आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तीच. मी ती भिजवून रुमालात बांधली आणि छातीवर ठेवली. भीती गेली का? नाही. पण श्वास घेतला की लवंगेच्या आधी वाळा यायचा. तेवढ्यानं मी दारातून आत जाऊ शकले. जडीबुटीनं मला प्रामाणिकपणे दिलं ते इतकंच, आणि ते मला पुरलं.

या वेळी सिस्टरनी विचारलं तेव्हा मी चहातल्या गवतीचहापासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, बस बस, जागा संपली.

उजवा हात विलासनी धरला होता. ते धरतील की नाही, या धाकात मी रात्रभर होते, पण ते सरळ स्टूल ओढून बसले आणि हात मागितला. डावा हात माझ्या मालकीचा होता. मॅडम म्हणाल्या, "डावा वर केलात की मी थांबेन. कारण सांगायची गरज नाही."

पहिल्यांदा मी हात वर केला तो त्या खरंच थांबतात का हे बघायला. त्या थांबल्या. दुसऱ्यांदा ड्रिल सुरू झालं तेव्हा. दुखत नव्हतं, पण डोक्याच्या हाडातून आवाज जात होता, अन् मला वाटलं आता ते कवच फुटणार. तिसऱ्यांदा मला उठून जायचं होतं. अगदी जायचंच होतं. हात वर केला, त्या थांबल्या, सगळे थांबले. कुणी मला धरलं नाही. दार समोर उघडं होतं. मी छतावरचा पंखा बघत पडून राहिले, आणि हात खाली घेतला.

तासाभरानं मॅडम म्हणाल्या, "झालं." हाड शाबूत होतं. पिशवी त्यांनी बरणीत घालून दाखवली. एवढीशी, सोललेल्या द्राक्षासारखी.

बाकावर

तोंडात कापूस, गाल बधिर, दोन तास बोलायचं नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. विलासनी खिशातून फोन काढला, बराच वेळ हातात धरला आणि नंबर लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"वर्षे, मी बोलून राह्यलो."

पलीकडून आलं, "भाऊ, वहिनी पळाली का?"

"नाही पळाली. झालं तिचं. सारं निघालं."

तिनं श्वास सोडलेला आम्हाला ऐकू आला. विलास म्हणाले, "तुनं तं गाळून घ्याले सांगितलं होतं. तिनं दळून खाल्लं. मले आता समजलं."

"मले तवाच समजलं होतं. तिच्या हातात काही आलं की दळल्याशिवाय राह्यते का ते?"

"मंग काहून नाही बोलली? मी तुले काय काय बोललो."

"तिले परत त्या खुर्चीत बसाचं होतं, भाऊ. तू माह्यावर रागावला तं रागावला. मी सांगितलं असतं तं तू तिच्यावर रागावला असता. मंग तिचा हात कोनं धरला असता?"

विलासनी फोन माझ्याकडं दिला आणि रुमाल शोधू लागले. मी फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, वर्षा. ते वर्षा असं आलं नाही.

"बोलू नको वहिनी, टाके तुटतीन," ती म्हणाली.

मी तरी बोलत राहिले. तीन आठवडे जे बोलायचं होतं ते सगळं, कापसातून. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती, आणि आतून सिस्टर ओरडली की त्या बाईंना कुणीतरी गप्प बसवा.